सेटवर दिलेला वहिनींचा निरोप

फौजी आठवणी म्हटल्यावर तुम्ही गोळ्यांच्या आवाजाची वाट बघत असाल. तो येणार नाही. ही गोष्ट मूळव्याधीची आहे. हसून घ्या. मीपण हसलो होतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. लडाखमध्ये सोळा हजार फुटांवर आमची पोस्ट, अकरा माणसं. मी बदलापूरच्या हेंद्रेपाड्याचा, रेडिओ ऑपरेटर. कंपनीत कुणाचाही आवाज काढायचो. पोस्ट कमांडर हवालदार भोईर, शेजारच्या जांभूळ गावचे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. आपल्याकडचा पोरगा म्हणून मला सांभाळून घ्यायचे.

वर पाणी म्हणजे बर्फ वितळवायचा. त्याला केरोसीन लागतं, म्हणून सगळेच पाणी कमी प्यायचे. खाणं डब्यातलं. उस्तादांना त्रास सुरू झाला. उभ्यानेच जेवायचे, पण कुणाला बोलले नाहीत.

सुट्टीवर जाणाऱ्याने बाकीच्यांच्या घरी जाऊन निरोप-सामान आणायचं, ही आमची रीत. माझी सुट्टी लागली तेव्हा उस्तादांनी चिठ्ठी दिली. "वहिनीच्या हातात दे. वाचू नकोस."

मी ट्रेनमध्येच वाचली. मूळव्याधीवर काहीतरी पाठव, एवढंच होतं.

जांभूळला वहिनींनी सुरणाच्या फोडी दिल्या, चिंचेच्या पाण्यात उकळून खाज काढलेल्या, वाळवलेल्या. त्रिफळा आणि इसबगोल मी उल्हासनगरला घेतलं. सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, पानी खूब पिलाना. कम पानी में इसबगोल उलटा अटकेगा."

निघताना वहिनींनी सगळं एका पुडक्यात बांधून गाठ मारली आणि म्हणाल्या, "रोज कोमट पान्यात धा मिनटं बसायला सांग. कुंथू नको म्हनावं. आनि रगात पडलं तर डाक्टरला दाखव. लाजू नको म्हनावं."

पोस्टवर परतलो. सकाळी आठचा रिपोर्ट झाला, सगळ्या पोस्ट अजून रेडिओच्या नेटवर एकमेकींचं ऐकत होत्या. मला नकलेची खाज सुटली. वहिनींचा आवाज काढून अख्खा निरोप सेटवर दिला. "कुंथू नको म्हनावं, ओव्हर." सहा पोस्ट हसल्या. मागे वळलो तर उस्ताद उभे.

 त्यांनी पुडकं न सोडताच ट्रंकेत ठेवलं. कोमट पाण्यासाठी काढलेलं घमेलं परत लंगरमध्ये, स्वयंपाकाकडे गेलं.

तीन आठवड्यांनी पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघाली. उस्ताद, मी आणि दोन जवान. दुपारी १३४० ला ते एका दगडाला टेकले. उठले तेव्हा दगडावरचा बर्फ लाल होता.

"उस्ताद, किती दिवस?"

"चल."

"सेट लावतो."

"नको. सगळे ऐकतात."

मी सेट लावला नाही. हुकूम होता म्हणून नाही. माझी मान वर होत नव्हती म्हणून.

१४३५ ला ते कोसळले. ओठ पांढरे. दोघा जवानांनी आपले कोट त्यांच्यावर घातले. मी सेट उघडला.

"अल्फा फॉर कंपनी. कॅज्युअल्टी. हवालदार भोईर. स्ट्रेचर भेजो, ओव्हर."

पलीकडून हसू आलं. "आज किसकी आवाज है? अच्छा रोता है. नेट खाली कर, ओव्हर."

मी खरंच रडत होतो. पुन्हा सांगितलं, पुन्हा सांगितलं. कंपनी कमांडर स्वतः सेटवर आले तेव्हा १५०० झाले होते. स्ट्रेचर पार्टी १७२० ला पोचली. उस्ताद १७०० ला गेले होते.

डॉक्टर म्हणाले, अंगातलं रक्त आठवडाभर आधीच कमी झालं असणार. त्यावर ती उंची, ती थंडी. पहिल्या दिवशी दाखवलं असतं तर खाली पाठवलं असतं, एवढंच होतं.

त्यांची ट्रंक घेऊन जांभूळला मीच गेलो. वहिनींनी पुडकं काढलं. गाठ त्यांनीच मारलेली, तशीच.

"सोडलं पन नाय? माझा निरोप दिलास ना?"

मी सगळं सांगितलं. कुणाचाही आवाज न काढता.

त्यांनी पुडक्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "कानात सांगायचं व्हतं रं ते. बायको नवऱ्याला सांगते तसं. तू गावाला सांगलंस. आनि आता मान खाली घालून बसलास? तो बी असाच बसला, मेला. तुझ्या लाजंचं मी काय करू? ऊठ. ज्याला त्याला सांग, पानी पी, सुरन खा, रगात दिसलं तर डाक्टर गाठ. माझ्या मानसाचं नाव घेऊन सांग. हसले तर हसू दे. तू हसू नको."