पळणारा ढेकूण

सिल्लोड रस्त्याला माझ्या थोरल्या भावाची सीताफळाची बाग आहे. ज्या वर्षी त्याने बागेत औषध फवारायचं नाही असं ठरवलं, त्या वर्षी त्याला भुंगेरे विकणाऱ्या माणसावर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता. प्लास्टिकच्या डब्यात कागदाच्या पट्ट्या आणि पट्ट्यांवर नारिंगी डोक्याचे काळपट भुंगेरे. ते पिठ्या ढेकूण खातात, असं त्या माणसाने सांगितलं होतं. पिठ्या म्हणजे सीताफळाच्या डोळ्यांमधल्या खाचांत बसणारी, पीठ सांडल्यासारखी दिसणारी कीड. ती बसली की फळ काळं पडतं आणि व्यापारी ते घेत नाही. भुंगेरे सोडले की फवारणी बंद करावी लागते, नाहीतर आधी तेच मरतात. म्हणजे भुंगेऱ्यांनी काम केलं नाही, तर त्या वर्षीचं फळ गेलं.

मी वर्तमानपत्रात इतरांच्या बातम्या तपासायचं काम करत होतो. भावाकडे पावती मागितली, डब्यावरची तारीख वाचली. तो म्हणाला, "तुला देवाचा प्रसाद बी भेसळीचाच वाटतो."

त्यानंतर दर रविवारी गारखेड्याहून मोटारसायकलवर जायचं आणि कडेच्या ओळींतल्या ठरावीक दहा झाडांची फळं उलटून पाहायची, असा क्रम ठेवला. पहिल्या रविवारी भुंगेरे दिसले. दुसऱ्या रविवारी एकदोन. तिसऱ्या रविवारी एकही नव्हता आणि पांढरे किडे वाढले होते. आकारानेही वाढले होते. अंगावर पांढरे दोरे, लांबी नेहमीच्या ढेकणाच्या दुप्पट. मी फोटो काढून भावाला दाखवले आणि त्याला फसवलं गेलंय, असं सांगितलं. विक्रेत्याला फोन लावला, त्याने उचलला नाही. रविवार होता, हे मी लक्षात घेतलं नाही. भाऊ आणखी आठवडाभर थांबायला तयार होता. मी थांबू दिलं नाही.

दुपारी त्याने पंप पाठीवर घेतला. कडेच्या दोन ओळी फवारून झाल्या. वहिनी पुढच्या झाडांखाली गवत काढत होती. तिने त्याला हाक मारून थांबवलं. तिच्या तळहातावर एक पांढरा किडा होता आणि तो मनगटाकडे निघाला होता.

"पिठ्या कधी पळतो व्हय?" ती म्हणाली. "ह्यो तर पळायलाय."

तिने तो एका फळावर ठेवला. आम्ही तिघं वाकून पाहत राहिलो. थोड्या वेळाने त्याने शेजारच्या ढेकणात तोंड खुपसलं, आणि ढेकणाच्या जागी पांढरा भुगा उरला. ती भुंगेऱ्याची अळी होती. अळी ढेकणासारखीच पांढरी असते, हे मला ठाऊक नव्हतं. मी कुणाला विचारलंही नव्हतं.

भावाने पंप उतरवला. 

तोडणीआधी व्यापारी आला. कडेच्या फवारलेल्या दोन ओळींत पुन्हा पिठ्या चढला होता. ते पाहूनच व्यापारी परत फिरत होता. वहिनीने त्याला आतल्या ओळींत नेलं. तिथं त्याने नखाने फळांच्या खाचा तपासल्या. एका फळावर पांढरा किडा दिसला तेव्हा त्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. तिने गवताची काडी उचलून किड्याला लावली. किडा पळाला. व्यापारी पुढच्या झाडाकडे गेला.

संध्याकाळी तोडणी ठरली, त्या दोन ओळी सोडून.