दगडातला आंधळा जीव

बुलढाण्यातल्या एका कॉलेजनं भूगर्भशास्त्र बंद करून दगडांच्या नमुन्यांचं कपाट भंगारात काढायचं ठरवलं. सरळ सांगतो, हा नालायकपणा आहे. विरोधाच्या निवेदनावर सह्या घेत मी त्या कपाटाच्या खोलीत गेलो, तर तिथं एकटे शिपाईकाका. त्यांनी ओलं बोट एका दगडावर फिरवलं आणि भिंग पुढं केलं.

"सही करतो, पहिले याले पाह्य. ट्रायलोबाइट. समुद्रातला जीव, ज्वारीच्या दाण्याएवढा. करोडो सालं झाली, जात संपली. याच्या जातीले डोळेच नव्हते, दोन्ही टोकं सारखीच. आता डोकं कोणतं, शेपूट कोणतं, सांग बे!"

मला घाई होती. भिंग न घेताच म्हणालो, "पाहिला, काका."

"खोटं नको बोलू. सह्या घेत फिरता, पण सालभरापासून इथं हे पाहाले कोणी आलंच नाही."

त्यांनी माझं बोट धरून त्या इवल्या उंचवट्यावर टेकवलं आणि बराच वेळ सोडलं नाही.