खंदकातली मूठभर माती

बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला, आमच्या वसाहतीमागच्या शेतात, पाण्याचा एक चौकोन आहे. त्याच्या मधोमध मध्ययुगात जमीनदाराची गढी होती. आता तिथे झोंबणारं गवत आणि कावळे. कुंपणाजवळच्या फलकावर लिहिलं आहे, की हा खंदक फौज थोपवण्याइतका खोल कधीच नव्हता. आत कोण आणि बाहेर कोण, हे गावाला रोज दिसावं म्हणून तो खणला होता.

त्या वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. "विसर्जनाची माती पाटावरून आणा हो. ती घरात आल्याशिवाय माझा गणपती गेला असं वाटत नाही," त्यांनी सासऱ्यांना बजावलं होतं.

सासऱ्यांनी आणि मी शाडूची वीतभर मूर्ती खंदकाच्या हिरव्या पाण्यात सोडली. सडक्या पानांचा, गंजलेल्या लोखंडासारखा वास वर आला. सासरे गुडघ्यांवर बसले आणि काठाची माती त्यांनी मुठीत घेतली.

तेवढ्यात कुत्रं माझ्या दंडाला लटकलं. मागोमाग शेतमालक, हातात जाड काठी.

"मूर्ती सोडताना बघत होतो, गप्प बसलो," तो ओरडला. "पण उकरायचं नाही! रात्री चोर पुरलेली जुनी नाणी शोधायला यंत्रं घेऊन येतात, दिवसा तुम्ही देव घेऊन!"

"अहो, मूठभर चिखल आहे," सासरे म्हणाले.

"टाक खाली!"

काठी मनगटावर बसली. वाळकी शेंग फुटावी तसा आवाज झाला. दुसरा घाव खांद्यावर. मी किंचाळत पाट कुत्र्याच्या तोंडावर हाणला. माझं रक्त चाटत ते मागे सरलं. तिसऱ्या घावाला सासरे आडवे झाले, पण मूठ उघडली नाही. या मुलखाची मोडलेली हाडं आयुष्यभर सांधणारा तो हात निळा पडत चालला होता.

"बाबा, सोडा ना ती माती!"

"सूनबाई, हाड गेलंच आहे," ते दात आवळून म्हणाले. "आता माती कशाला घालवू?"

शेतमालकाची काठी हवेतच राहिली. मग त्यानेच फोन काढून पोलिसांना बोलावलं, आमची तक्रार करायला.

इस्पितळात नर्स हात धुवायला आली, तेव्हा सासरे म्हणाले, "आधी पाट." टाके पडलेल्या हाताने मी तो पुढे धरला. त्यांनी एकेक बोट उघडलं.

घरी सासूबाईंनी पाटाकडे पाहिलं. प्लास्टर शालीखाली होतं.

"एवढीशीच?"

"पाणी फार खोल होतं गं," सासरे म्हणाले.