हळू चालणारीनं पुढं व्हायचं

त्या रविवारी सकाळी रोह्याच्या स्टँडवरून एसटी धरली तेव्हा मी वन्संवर चिडलेलीच होते. निघाले म्हणून सांगायला फोन केला, तर उचलेनात. मोबाइल काय देव्हाऱ्यात ठेवायला घेऊन दिलाय का, असं भेटल्या भेटल्या विचारायचं, हे मनाशी पक्कं करून मी खिडकीशी बसले. नागोठणं मागं पडलं आणि फोन वाजला. त्यांच्या शेजारचा नामदेव. "काकी, कुठवर पोचल्या?" एवढंच म्हणाला. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून अख्खी नोकरी काढली. तोंड न बघता नुसत्या आवाजावरून पलीकडे बारसं आहे की मयत, हे आम्हाला कळायचं. नामदेवचं ते विचारणं ऐकलं आणि मला सगळं कळलं. तरी मी आपली म्हणाले, "वडखळला येतेच आहे. वन्संना सांग, बूट घालून तयार राहा." मग मी फोन कानाला तसाच धरून बसले. रात्री झोपेतच गेल्या होत्या.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, द्वारका. लग्नानंतर दोनच वर्षांत त्यांचा नवरा गेला, त्या माहेरी परत आल्या आणि वडखळच्या खाली, खाडीलगत, बापाच्या मिठागरात मीठ ओढायला उभ्या राहिल्या. मी कोलाडकडची. आमच्याकडे भात आणि वाल, मीठ फक्त बरणीतलं माहीत. नवी नवरी म्हणून पहिल्यांदा त्या खारबांधावरून चालले तो दिवस मला अजून आठवतो. बांध एका माणसापुरता, एका अंगाला खाडीचा चिखल, दुसऱ्या अंगाला मिठाचं पाणी. मी चपला हातात घेऊन, शालू गुडघ्यापर्यंत धरून, रडकुंडीला आलेली. वन्सं पुढं अनवाणी, बाजाराला निघाल्यासारख्या. मागं न बघताच विचारायच्या, "वयनी, येतेस ना गो?" मी म्हणायची, "येतेय." "मंग चाल." पडलीस का, घसरलीस का, असलं काही नाही. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. पुढं जन्मभर आमची भांडणं झाली, वालाच्या बिरड्यात गूळ किती घालायचा यावरून तर दर श्रावणात. पण त्या घरात माझी बाजू घेऊन नवऱ्याला सुनवायच्या त्याही त्याच.

मिठागर पुढं बुडालं. बांध फुटला, भरतीचं पाणी आत आलं ते पुन्हा गेलंच नाही, आणि जिथं पांढऱ्या राशी उभ्या राहायच्या तिथं कांदळवन वाढलं. वन्सं त्या बाजूला तोंड करून बसायच्या नाहीत, अंगणात खुर्चीसुद्धा उलटी टाकायच्या. आणि तीन वर्षांपूर्वी माझा नवरा गेला. आम्हाला मूलबाळ नाही. मी रोह्यातल्या घराचं दार लावून घेतलं आणि आत बसले. दूध घ्यायला दार उघडायचं, तेवढंच. वन्सं दर पंधरवड्याला यायच्या, कधी पिशवीत जिताडा, कधी सुके बोंबील, आणि आल्या की दाराच्या कड्या वाजवून वाजवून माझं डोकं उठवायच्या.

अशाच एकदा आल्या त्या पेणच्या मानसीला घेऊन. ही पोरगी साठीच्या पुढच्या माणसांना चालायच्या सहलींना नेते. देवदर्शनाला नाही, बसमधून बोट दाखवत नाही, पाठीला पिशवी लावून डोंगरात आणि किनाऱ्यानं. तिनं मोबाइलवर पोर्तुगाल दाखवलं. आठ दिवस, समुद्राच्या कड्यावरून पायवाटा, एक दिवस सायकल, एक दिवस होडी... मी जांभई देत होते. तेवढ्यात एका चित्रावर वन्संनी बोट ठेवलं. "हे कुठलं आगर?" दक्षिण पोर्तुगालमधलं मिठागर होतं. वाफे, मधे बांध, आणि पांढऱ्या राशी. "अजून काढतात?" मानसी म्हणाली, "हो, हातानं. मे महिन्यात तिथं कामाला सुरुवात होते." वन्सं बराच वेळ बघत बसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पावसाआधी आपलं आगर बंद करायची वेळ, तवा त्यांचं सुरू. रेवदंड्याला किल्ला बांधून आपलं मीठ खाऊन गेले मेले. चल गो, आता त्यांचं बघून येऊ." मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही पुण्याला कधी गेला नाहीत." त्या म्हणाल्या, "म्हनून तर." पैसे माझ्या फंडातले आणि हट्ट त्यांचा, असं ते ठरलं.

मग काय विचारता! आमच्या घरात लग्न निघाल्यासारखी धांदल. वन्सं पँट घालायला तयार होईनात. शेवटी आत ट्रॅकपँट, वरून खोचलेलं पातळ आणि खाली पांढरे बूट, असा अवतार करून त्या गावातून निघाल्या, तेव्हा अख्खी आळी दारात उभी. वन्सं म्हणाल्या, "बघा, बघा. नंतर इमानात बसल्यावर दिसनार नाय मी." व्हिसासाठी मुंबईला गेलो तर यंत्र त्यांच्या बोटांचे ठसे घेईना. तिथली मुलगी पुन्हा पुन्हा बोटं पुसायला सांगत होती. वन्संनी दोन्ही पंजे तिच्यासमोर उलटे धरले. "मिठानं खाल्ली गो बाय. जेवढी उरलीत तेवढी घे." ती मुलगी हसली, मीही हसले. अखेर घेतले एकदाचे ठसे. परतताना वडखळला उतरून आम्ही वडापाव खाल्ला आणि मिनीडोर रिक्षात वन्सं माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपल्या. दमल्या असतील, मला वाटलं. दोघीही दमलो होतो.

सराव मात्र दर रविवारी. दिवाळीनंतर सुरू केला. मी रोह्याहून यायची आणि आम्ही त्याच जुन्या बांधाचा जेवढा भाग उरला होता त्यावरून उघाडीपर्यंत चालायचो. उघाडी म्हणजे भरतीचं पाणी अडवायचं आणि ओहोटीला सोडायचं दार. तिथं बसून चहा, मग परत. मानसी पहिल्या दिवशी आमच्याबरोबर आली आणि तिनं सहलीचा नियम सांगितला. जो सगळ्यात हळू चालतो त्यानं पुढं व्हायचं, बाकीच्यांनी त्याच्या चालीनं चालायचं, म्हणजे कुणी मागं सुटत नाही. माझा गुडघा दुखरा, म्हणून मी पुढं. इतक्या वर्षांनी त्या बांधावर मी पुढं आणि वन्सं मागं! आता विचारायची पाळी माझी. "वन्सं, येताय ना?" मागून खणखणीत उत्तर यायचं, "हाय गो मी. तू चाल." मागं बघायला गेले की ओरडायच्या, "वळू नको, पडशील!" म्हणून मी वळायची नाही. एका रविवारी उघाडीशी पोपटी लावली, मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याचा पाला आणि भोवती जाळ. मडकं उघडताना वन्सं म्हणाल्या, "तिथं भांबुर्डा मिळंल का, इचार त्या पोरीला." आणि शेंगा सोलून माझ्याच पुढ्यात टाकत राहिल्या.

दहाव्याला नदीवरून परतल्यावर सुंदरा भेटली. ही बाई ओहोटीला बांधाखालच्या चिखलात चिंबोऱ्या धरते, आम्हाला दर रविवारी खालून हात करायची. माझ्याजवळ बसली आणि रडायलाच लागली. म्हणाली, "काकी, मना आता सांगायलाच पायजे. तुम्ही पुढं जायच्या ना, त्या मागं उभ्या र्‍हायच्या. कंबरंवर हात ठेवून. श्वास पुरायचा नाय त्यांना. मी खालून इचारलं, तर त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. नंतर एकदा घरी येऊन बोलल्या, वयनीला सांगू नको. सांगशील तर ती जायची र्‍हायल."

ती जायची राहील... आम्ही नाही, मी. ऐकलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. रडू नंतर आलं, आधी संताप आला. अहो वन्सं, दमत होतात तुम्ही, आणि नियम दाखवून मला पुढं घालत होतात? आणि मी मूर्ख, मला वाटायचं की त्या माझ्या चालीनं चालताहेत! पौषापासून त्यांचं उत्तर उशिरा यायला लागलं होतं. "येताय ना?" विचारलं की थोडा वेळ काहीच नाही, मग "हाय गो मी." आवाज तसाच, खणखणीत. वाऱ्यानं ऐकू गेलं नसेल, असं मी धरून चालले. श्वास जागेवर येईपर्यंत त्या थांबत होत्या आणि मगच बोलत होत्या. आवाजावरून माणसं ओळखणाऱ्या बाईला त्यांनी तिच्याच धंद्यात फसवलं. डॉक्टरकडे नेलं असतं मी, फरफटत नेलं असतं. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

महिना झाला. घरात माझ्यावर ओरडणारं कुणी नाही. सकाळचा चहा मी कधी दुपारी पिते. बिरड्यात परवा त्यांच्या हातासारखा भरपूर गूळ घातला, आणि कुणाशी भांडायचं ते कळेना. मला वयनी म्हणणारं माणूस आता या जगात उरलेलं नाही, हे बसल्या बसल्या मधेच आठवतं आणि मी उठून उगाच दार उघडून बघते. मानसीचा फोन आला होता. फार जपून बोलत होती. "काकू, तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. खोलीत दुसऱ्या कुणाला..." मी म्हटलं, "येते मी." मग म्हणाले, "पण मला पुढं घालू नकोस. मी मागं चालणार." "काकू, तुमचा गुडघा, आणि आपला नियम..." "नियम मला सांगू नकोस. मागं कोण थांबतंय ते बघायला तिथं कुणीतरी पाहिजे. माझ्यासाठी तुम्हाला थांबावं लागेल, तर थांबा." ती बरं म्हणाली. मिठागराच्या दिवशी बूट काढून बांधावर अनवाणी चालू देतील का, तेही तिला विचारून ठेवलंय.

सराव मी मोडलेला नाही. रविवारी एसटी, वडखळ, मिनीडोर, आणि मग बांध. त्यांच्या अंगणातली खुर्ची अजून उलटीच आहे, मी तिला हात लावलेला नाही. बांधावर मी एकटीच, पुढंही मी आणि मागंही मी. मधल्या अरुंद जागेपाशी आले की तोंडातून निघून जातंच, "वन्सं, येताय ना?" वळत नाही मी. तिथंच उभी राहते, त्यांना श्वास घेऊन उत्तर द्यायला शेवटी शेवटी जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ. मग चालू लागते.