श्वासाचा रकाना

सांगलीच्या त्या रुग्णालयात दर चार तासांनी मी प्रत्येक खाटेशी एक तक्ता भरत असे. नाडी, रक्तदाब, ताप, प्राणवायू, श्वास, शुद्ध. प्रत्येक रकान्याला गुण होते, आणि ते जितके अधिक, तितका माणूस आजारात खोल उतरलेला. बेरीज पाचावर गेली की डॉक्टरांना बोलवायचे. मग खाट अतिदक्षता विभागाकडे निघायची.

बहुतेक आकडे यंत्रे सांगत. श्वास मात्र मोजावा लागे. एक डोळा घड्याळावर, एक छातीच्या उठण्याबसण्यावर, पूर्ण एक मिनिट. भरलेल्या वॉर्डात आम्ही दोघी. इतकी मिनिटे आणायची कुठून? मी साताऱ्याहून शिकून नवीच आले होते, तेव्हा मोठ्या सिस्टरांनी माझे हलणारे ओठ पाहिले.

"जप करतेस का गं? वीस लिही. मेलेला सोडून सगळ्यांचा वीसच असतो."

आम्ही हसलो. विसाला शून्य गुण. माझ्या अक्षरात वीस फार सुबक येऊ लागले.

आजी जतकडच्या, छातीत न्यूमोनिया घेऊन आलेल्या. पायांवर त्यांची स्वतःची घोंगडी होती. उन्हात वाळलेल्या लोकरीचा तिचा वास वॉर्डातल्या फिनेललाही बधत नसे. पहिल्याच दिवशी माझ्या लिहिण्याकडे बघत त्या म्हणाल्या, "लय लिवतीस की गं पोरी. माज्या नावावर जमीन करतीस का काय?"

"किती एकर पाहिजे, आजी?"

"पानी असंल तर एकच दे."

तिसऱ्या दिवशी त्यांच्याजवळ कोणी नव्हते. मेंढरांची सोय लावायला सून आदल्या सायंकाळी गावी गेली होती आणि दुपारच्या एसटीने परतणार होती. दोनच्या फेरीला मी आजींच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला. मास्कमधून प्राणवायू चालू होता, त्यामुळे आकडा ठीक दिसला. एवढ्यात त्यांनी माझे मनगट धरले. त्यांची बोटे ओल्या पानांसारखी गार होती. मास्कच्या आत वाफेचा गोल डाग उमटला, आणि त्यातून एकच शब्द आला.

"उसिर." मग थांबून पुन्हा, "उसिर."

आमच्या पाटणकडेही म्हाताऱ्या तोंडांत श चा स होतो. मला ऐकू आले ते उशीर.

"नाही आजी, उशीर नाही झाला. गाडी मिरजेला आली असेल. येतीलच सूनबाई."

त्यांनी मान हलवली, नाही अशी. मला ती वाट पाहणाऱ्याची अधीरता वाटली. बोलणे सुसंगत होते, म्हणून शुद्धीला शून्य लिहिले. श्वासाला वीस. बेरीज तीन झाली, आणि मी पुढच्या खाटेकडे वळले.

साडेचारला औषधांचा ट्रे घेऊन आले, तेव्हा त्यांच्या ओठांवर जांभळाचा रंग चढला होता. गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. तेव्हा मी मोजले. चव्वेचाळीस. डॉक्टर धावत आले, घशात नळी गेली, खाट अतिदक्षता विभागात गेली, आणि त्या दाराशी धापा टाकत सून पोहोचली.

"आत्ती बोलल्या का काय, सिस्टर?"

"तुमची वाट पाहत होत्या. सारखं उशीर, उशीर म्हणत होत्या."

ती थबकली. "आत्ती घाबरल्या की कानडीच बोलत्यात वो. उसिर म्हनल्या असतील. उसिर म्हंजे श्वास. दम पुरना, असं सांगत असतील."

तिच्या आवाजात आरोप नव्हता. एखादी बाई वाट सांगते तसा तिने अर्थ सांगितला. तेवढ्यात डॉक्टर तक्ता घेऊन बाहेर आले.

"सिस्टर, दोनला वीस आणि साडेचारला चव्वेचाळीस? दोनला मोजला होता ना?"

"हो, सर. अचानक वाढला."

त्यांनी केसपेपरवर तो शब्द लिहिला. अचानक.

दोन दिवसांनी आजी गेल्या. दोनलाच हलवले असते तर त्या वाचल्या असत्या का, हे मला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक होणार नाही, कारण त्या वेळचा त्यांचा श्वास कुठेही नोंदलेला नाही. तिथे माझ्या सुबक अक्षरात वीस आहे. आता मी पूर्ण मिनिट मोजते. कधी काटा अर्ध्यावरच असतो आणि वीस भरतात, आणि मास्कच्या आतली ती वाफ मला पुन्हा दिसते.

सून निघाली त्या दिवशी व्हरांड्यात फोनवर कुणाला तरी सांगत होती, "न्हाई वो, अचानक झालं. डाक्टरनी तसंच लिवलंय." मला पाहून तिने फोन ठेवला.

"सिस्टर, मेंढरांपायी मी गेले नसते, तर मला कळलं असतं, आत्ती काय म्हनत्यात ते. रातभर हेच डोक्यात हाय." ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "पर अचानकच झालं न्हवं? हितं असते तरी मी काय केलं असतं?"

खरे सांगितले असते तर तिच्या मनात तो 'उसिर' कायमचा जागा राहिला असता. न सांगण्यात माझी नोकरी होती. यातले कोणते कारण आधी मनात आले, याची मी अजूनही स्वतःशी खात्री देऊ शकत नाही.

"अचानकच झालं," मी म्हणाले.

"मग बरं," ती म्हणाली. पदराने तोंड पुसले, आणि घोंगडी काखेत घेऊन जिना उतरू लागली.