दहा बदकांचा पडदा

कुरखेड्याच्या बसस्टँडसमोर इस्तारीभाऊंचा फोटो स्टुडिओ होता आणि त्या स्टुडिओची शान म्हणजे मागचा पडदा. वडशाला झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या पेंटरकडून त्यांनी तो करून घेतला होता. निळं तळं, कमळं, काठावर बंगला आणि पाण्यात दहा बदकं. तालुक्यातल्या निम्म्या नवरा-नवरींनी त्या तळ्यापुढे मान ताठ केली होती. भाऊंना माणसापेक्षा बदकांचं कौतुक जास्त, असं त्यांची बायको कमळा म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

दामिनी त्यांच्याकडेच चार वर्षं कामाला होती. दोन हजार आठ साली तिने समोरच कॉम्प्युटरचं दुकान टाकलं, तेव्हा भाऊंनी आपला जुना राजवाड्याचा पडदा तिला देऊन टाकला. देताना ते हसले होते. ते हसणं टाकाऊ माल खपवल्याचं होतं, हे दामिनीला कळलं होतं.

मग ऑनलाइन फॉर्मांचं पेव फुटलं आणि भाऊंचे ग्रह फिरले. फॉर्मला फोटोची फाइल वीस केबीच्या आत लागे, त्याहून मोठी झाली की वेबसाइट घेतच नसे. भाऊ लहान करत करत वीसवर आणत, तोवर माणसाच्या तोंडावर चौकोनी ठिगळं पडत. दामिनीची फाइल तेवढीच लहान, पण पापणीचा केसन् केस मोजून घ्यावा. गिऱ्हाईक तिच्याकडे वळलं. "नागपूरहून चोरीच्या सॉफ्टवेअरची सीडी आणली असन तिनं," असं भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. त्यांना जळत होतं, आणि ज्या पोरीला कॅमेरा धरायला आपण शिकवलं तीच पुढे गेली म्हणून दुप्पट जळत होतं.

अशात त्यांच्या मुलीचा, दिव्यानीचा, नर्सिंगचा फॉर्म आला. भाऊंनी तिला तळ्यापुढे बसवलं, सहा वेळा फोटो काढला. सहाही वेळा तेच.

"बाबा, ह्या फोटोत मले माह्यी मायबी नाई ओळखणार," दिव्यानी म्हणाली. "उद्या आखरी तारीख हाय. दामिनीताईकडं जाऊ द्या मले."

भाऊंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण पोरीचं वर्ष जाईल, या भीतीने त्यांनी मान हलवली. ती गेली. पाच मिनिटं ते स्टूलवर बसून राहिले आणि मग कैची मागायचं निमित्त करून स्वतःही रस्ता ओलांडून गेले.

आत दिव्यानी बसली होती आणि तिच्यामागे भाऊंचाच राजवाडा भिंतीकडे तोंड करून टांगला होता. बाहेर दिसत होती ती पडद्याची कोरी, पांढुरकी पाठ.

"काऊन वं, माह्या पडद्याची लाज वाटते का तुले?"

"नाई भाऊ," दामिनी शांतपणे म्हणाली. "कॉम्प्युटरले कुठी समजते, पोरगी कोणती अन् बदक कोणतं? वीस केबीत तो सगळ्यायले वाटा देते. तुमच्या पडद्यावर दहा बदकं, कमळं, बंगला. ते सारे जेवून घेतात, मंग पोरीले काय उरते? कोऱ्या पडद्याले काईच लागत नाई. सारं तोंडाले भेटते."

भाऊंनी वाकून कॉम्प्युटरवरचा फोटो पाहिला. दिव्यानीच्या डाव्या भुवईत बारीकशी खूण होती.

"हे कायचं?"

"तिसरीत झोपाळ्यावरून पडली होती ना मी, बाबा," दिव्यानी म्हणाली.

तिसरीनंतर भाऊंनी तिचे दरवर्षी फोटो काढले होते. घरी येऊन त्यांनी सगळा अल्बम उलटला. भुवईतली खूण एकाही फोटोत दिसेना. कुठे केस पुढे आले होते, कुठे तोंडावर सावली होती. बदकं मात्र सगळीकडे दहाच्या दहा होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दार लोटून घेतलं आणि तळ्याचा पडदा उलटा टांगला, बदकं भिंतीकडे करून. दामिनीला ते सांगायला गेले नाहीत. तिच्या दारात गर्दी दिसली की पोटात दुखायचं ते दुखतच राहिलं. फक्त चोरीच्या सीडीचं त्यांनी पुन्हा कोणाला सांगितलं नाही.