गिलाच्या लेकीचं लग्न आणि सालेमाचा ढोल

गिलाच्या भट्टीवर अख्ख्या गावाचा पाव भाजला जाई. जुन्या काळच्या स्पेनमधल्या, एब्रो नदीकाठच्या त्या गावात तिला न वचकणारा माणूस विरळाच. आता तिच्या एकुलत्या एका लेकीचं, ओरियाचं, लग्न ठरलं होतं, आणि गिलाचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. वाजवायला सालेमा आणि बोनाफोसच हवेत, हे तिनं सोयरिकीआधीच ठरवलेलं. सालेमा ढोलवाला मुसलमान, बोनाफोस सारंगीवाला ज्यू, आणि गावातलं एकही ख्रिस्ती लग्न त्यांच्याशिवाय लागत नसे.

गिला मोठ्या मनाची होती अशातला भाग नाही. गुड फ्रायडेला ज्यूंच्या आळीवर दगड पडत, तेव्हा लहानपणी तिनंही ते भिरकावले होते. सालेमाच्या पंगतीला ती आजही बसली नसती. पण ढोल ऐकला की तिच्या अंगात यायचं.

लग्नाच्या आदल्या रविवारी पाद्रीबाबांनी बिशपचा हुकूम वाचला: मुसलमान आणि ज्यू ही प्रभूची वैरी माणसं, त्यांनी चर्चमध्ये वाजवायचं नाही. विहीणबाई खूश झाल्या. त्यांच्याकडे 'आपल्यातला' बासरीवाला होता. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा तो वाजवी.

गिला तडक पाद्रीबाबांना विचारून आली की चर्चमध्ये म्हणजे आतच ना. ते हो म्हणाले. तशीच ती सालेमाकडे धावली.

लग्नाच्या आणाभाका नेहमीप्रमाणे चर्चच्या दारात झाल्या. ओरियानं होकार दिला आणि चौकापलीकडून ढोलाचा असा दणका उठला की मनोऱ्यावरची कबुतरं भुर्रकन उडाली. मागोमाग सारंगी सुटली. प्रार्थनेला आत जायचं सोडून वऱ्हाड पायऱ्यांवरच नाचायला लागलं.

"गिला, हे काय चाललंय?" पाद्रीबाबा लालबुंद झाले.

"चौकात चाललंय, बाबा. आत नाही." तिनं विहीणबाईंना रिंगणात ओढलं. त्या आधी अवघडल्या, मग त्यांचेच पाय आवरेनात.

वादक पंगतीला बसले नाहीत. गिलानं त्यांना जिवंत कोंबड्या दिल्या, घरी आपल्या रीतीनं कापून खायला.

शिक्षा व्हायची ती झालीच. पुढच्या रविवारी गिला अनवाणी, हातात मेणबत्ती घेऊन सगळ्यांसमोर चर्चच्या दारात उभी राहिली. फरशी गार होती, पण चेहऱ्यावरचं हसू लपेना. विहीणबाई जवळ आल्या, पाद्रीबाबांकडे पाहत हळूच पुटपुटल्या, "आमच्या धाकट्याचं ठरलंय. सालेमाला आधीच सांगून ठेवा हं."